किंग्ज इलेव्हन पंजाबचा २०१५ मधील हंगाम

किंग्ज इलेव्हन पंजाब (२०२१ पासून पंजाब किंग्ज) हा इंडियन प्रीमियर लीग (आयपीएल) या व्यावसायिक ट्वेंटी-२० क्रिकेट स्पर्धेतील संघ २०१५ च्या हंगामात आठ संघांमध्ये आठव्या, म्हणजे अखेरच्या क्रमांकावर राहिला. १४ साखळी सामन्यांपैकी त्याने ३ जिंकले व ११ गमावले. आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, हाच संघ साखळी फेरीत पहिल्या क्रमांकावर होता व स्पर्धेचा उपविजेता ठरला होता. या दोन्ही हंगामांत संघाचे कर्णधार ऑस्ट्रेलियाचे जॉर्ज बेली आणि मुख्य प्रशिक्षक मूळचे बीडचे संजय बांगर हे होते. कर्णधार, प्रशिक्षक व बहुतांश प्रमुख खेळाडू तेच असताना पहिल्या स्थानावरून थेट शेवटच्या स्थानावर झालेली ही घसरण व्यावसायिक खेळातील यशापयशाच्या अभ्यासासाठी महत्त्वाचे उदाहरण मानता येते.

प्रशिक्षक व बीड जिल्हा

संजय बांगर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९७२ रोजी बीड येथे झाला. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ते १९९३-९४ पासून रेल्वे संघाकडून खेळले. उजव्या हाताने फलंदाजी व मध्यमगती गोलंदाजी करणारे अष्टपैलू खेळाडू म्हणून त्यांनी भारताकडून १२ कसोटी व १५ एकदिवसीय सामने खेळले. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडमधील हेडिंग्ले येथील कसोटीत, ढगाळ हवेत व चेंडू वळत असताना, सलामीला येऊन त्यांनी २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या आणि राहुल द्रविड यांच्यासह १७० धावांची भागीदारी रचली. भारताने तो सामना एक डाव व ४६ धावांनी जिंकला. त्या विजयाचा पाया या संयमी खेळीने घातला, असे मानले जाते.

आयपीएलमध्ये खेळाडू म्हणून बांगर यांचा अनुभव फारसा सुखद नव्हता. २००८ च्या पहिल्या हंगामात ते डेक्कन चार्जर्स संघात, तर २००९ मध्ये कोलकाता नाइट रायडर्स संघात होते. त्या त्या वर्षी हे दोन्ही संघ तळाला राहिले. जानेवारी २०१४ मध्ये पंजाबने त्यांची सहायक प्रशिक्षक म्हणून नेमणूक केली व त्याच हंगामात त्यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकपद आले. त्या यशानंतर ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात निवड झाली. २०१५ च्या विश्वचषक स्पर्धेत ते भारतीय संघासोबत होते. २६ मार्च रोजी सिडनी येथे भारत उपांत्य सामन्यात पराभूत झाला आणि त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांत पंजाबचा आयपीएल हंगाम सुरू झाला.

पार्श्वभूमी : २०१४ चे यश

सार्वत्रिक निवडणुकांमुळे २०१४ च्या स्पर्धेचा पहिला टप्पा संयुक्त अरब अमिरातीत खेळवला गेला. तेथील पाचही सामने पंजाबने जिंकले. ग्लेन मॅक्सवेल यांनी पहिल्या तीन सामन्यांत अनुक्रमे ९५, ८९ व ९५ धावा केल्या. अबू धाबी येथे चेन्नई सुपर किंग्जविरुद्ध २०६ धावांचे लक्ष्य संघाने सात चेंडू राखून गाठले. भारतातील टप्प्यात उरलेल्या ९ साखळी सामन्यांपैकी ६ जिंकून संघाने एकूण २२ गुण मिळवले.

बाद फेरीत वीरेंद्र सेहवाग यांनी चेन्नईविरुद्ध ५८ चेंडूंत १२२ धावा केल्या. १ जून २०१४ रोजी बंगळूर येथे झालेल्या अंतिम सामन्यात वृद्धिमान साहा यांच्या नाबाद ११५ धावांच्या जोरावर पंजाबने ४ बाद १९९ अशी मजल मारली. मात्र मनीष पांडे यांच्या ९४ धावांमुळे कोलकात्याने तीन चेंडू व तीन गडी राखून विजेतेपद पटकावले.

या यशाची आकडेवारी बारकाईने पाहिली, तर पुढील वर्षीच्या अडचणींची बीजे तिच्यातच दिसतात. मॅक्सवेल यांनी हंगामातील १६ सामन्यांत ५५२ धावा केल्या, पण त्यांपैकी २७९, म्हणजे निम्म्याहून अधिक, पहिल्या तीन सामन्यांतील होत्या. उरलेल्या १३ सामन्यांत त्यांची सामन्यामागील सरासरी २१ धावांवर आली. त्यातही कटक येथील चेन्नईविरुद्धची ९० धावांची खेळी वगळल्यास १२ सामन्यांत १८३ धावा उरतात. संघ भारतात परतल्यावर जिंकत राहिला, परंतु ज्या खेळाडूवर त्याची मुख्य भिस्त होती, त्याचा सूर बऱ्याच अंशी आधीच हरपला होता.

हंगामपूर्व संघबांधणी

२०१४ च्या मोठ्या लिलावात उभा केलेला संघ व्यवस्थापनाने २०१५ साठी बव्हंशी कायम ठेवला. चेतेश्वर पुजारा, लक्ष्मीपती बालाजी व मुरली कार्तिक यांना मुक्त करण्यात आले, तर सलामीचे फलंदाज मुरली विजय यांना संघात घेण्यात आले. मॅक्सवेल, डेव्हिड मिलर, सेहवाग, साहा, मिचेल जॉन्सन, अक्षर पटेल व संदीप शर्मा हे सर्व संघात होतेच. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला संघ मोडू नये, हा विचार अस्वाभाविक म्हणता येणार नाही.

तथापि मधल्या काळात खेळाडूंची परिस्थिती बदलली होती. २९ मार्च २०१५ रोजी मेलबर्न येथे विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि ८ एप्रिलला आयपीएल सुरू झाली. मॅक्सवेल, जॉन्सन व बेली हे तिघे विश्वविजेत्या ऑस्ट्रेलियाच्या चमूत होते, तर मिलर उपांत्य फेरीत पराभूत झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या संघात होते. प्रदीर्घ स्पर्धेनंतर विश्रांतीला व एकत्र सरावाला वेळ मिळाला नाही. इतर संघांतील विश्वचषक खेळाडूंचीही हीच स्थिती होती. परंतु पंजाबचा कर्णधार, प्रशिक्षक व मधल्या फळीचा कणा असे सर्वच जण तेथून आले होते, हे लक्षात घ्यावे लागते.

सामन्यांचे निकाल

• १० एप्रिल, पुणे : राजस्थान रॉयल्सकडून २६ धावांनी पराभव
• १२ एप्रिल, मुंबई : मुंबई इंडियन्सवर १८ धावांनी विजय
• १५ एप्रिल, पुणे : दिल्ली डेअरडेव्हिल्सकडून ५ गडी राखून पराभव
• १८ एप्रिल, पुणे : कोलकाता नाइट रायडर्सकडून ४ गडी राखून पराभव
• २१ एप्रिल, अहमदाबाद : राजस्थानशी बरोबरी, सुपर ओव्हरमध्ये विजय
• २५ एप्रिल, चेन्नई : चेन्नई सुपर किंग्जकडून ९७ धावांनी पराभव
• २७ एप्रिल, मोहाली : सनरायझर्स हैदराबादकडून २० धावांनी पराभव
• १ मे, दिल्ली : दिल्लीकडून ९ गडी राखून पराभव
• ३ मे, मोहाली : मुंबईकडून २३ धावांनी पराभव
• ६ मे, बंगळूर : रॉयल चॅलेंजर्स बंगळूरकडून १३८ धावांनी पराभव
• ९ मे, कोलकाता : कोलकात्याकडून १ गडी राखून पराभव
• ११ मे, हैदराबाद : हैदराबादकडून ५ धावांनी पराभव
• १३ मे, मोहाली : बंगळूरवर २२ धावांनी विजय (प्रत्येकी १० षटके)
• १६ मे, मोहाली : चेन्नईकडून ७ गडी राखून पराभव

हंगामाची वाटचाल

पंजाबचे पहिले तीन यजमान सामने पुण्याजवळील गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर झाले. मराठवाड्यातील प्रेक्षकांना बीडच्या प्रशिक्षकाचा संघ त्यामुळे आपल्याच राज्यात पाहायला मिळाला. हे तिन्ही सामने संघाने गमावले. १५ एप्रिलच्या सामन्यात एक चेंडू शिल्लक असताना विजय मिळवून दिल्लीने आपली सलग ११ पराभवांची मालिका संपवली. त्यानंतरच्या सामन्यात कोलकात्याच्या आंद्रे रसेल यांनी ३६ चेंडूंत ६६ धावा करून पंजाबच्या हाती आलेला सामना फिरवला.

याच काळात संघाने दोन उल्लेखनीय विजयही मिळवले. वानखेडे मैदानावर बेली यांच्या नाबाद ६१ धावांमुळे संघाने ५ बाद १७७ धावा केल्या. हरभजन सिंग यांनी २४ चेंडूंत ६४ धावा फटकावूनही मुंबईला लक्ष्य गाठता आले नाही. अहमदाबाद येथे दोन्ही संघांच्या १९१ धावा झाल्या व सुपर ओव्हरमध्ये पंजाबने बाजी मारली. तोपर्यंत पहिले पाचही सामने जिंकलेल्या राजस्थानचा तो हंगामातील पहिला पराभव होता. पाच सामन्यांत दोन विजय ही स्थिती तेव्हा निराशाजनक असली, तरी सुधारता येण्याजोगी होती.

खरी पडझड २५ एप्रिलपासून झाली. १६ दिवसांत संघाने सलग सात सामने गमावले. चेन्नईत ९ बाद ९५, मोहालीत ९ बाद १३०, दिल्लीत ८ बाद ११८ आणि बंगळूरमध्ये सर्वबाद ८८ असे धावफलक लागले. बंगळूर येथे ख्रिस गेल यांनी ५७ चेंडूंत ११७ धावा केल्या व यजमान संघाने ३ बाद २२६ पर्यंत मजल मारली. उत्तरादाखल पंजाबचा डाव १४ षटकेही टिकला नाही. मिचेल स्टार्क व श्रीनाथ अरविंद यांनी प्रत्येकी चार बळी घेतले.

मालिकेतील शेवटचे दोन पराभव मात्र निसटते होते. कोलकात्यात १८३ धावा करूनही प्रतिस्पर्ध्याने एक गडी व एक चेंडू राखून विजय मिळवला. हैदराबादमध्ये १८६ धावांचा पाठलाग करताना मिलर यांनी ४४ चेंडूंत नाबाद ८९ धावा केल्या, तरीही पाच धावा कमी पडल्या. पावसामुळे दहा षटकांच्या झालेल्या सामन्यात बंगळूरवर मिळालेला विजय हा हंगामातील तिसरा व अखेरचा ठरला.

कारणमीमांसा

फलंदाजीतील अवलंबित्व. २०१४ मध्ये मॅक्सवेल (५५२), सेहवाग (४५५) व मिलर (४४६) या तिघांनी १७ सामन्यांच्या हंगामात मिळून १,४५३ धावा केल्या होत्या. म्हणजे संघाच्या प्रत्येक सामन्यामागे सुमारे ८५ धावा या तिघांच्या होत्या. २०१५ मध्ये मिलर ३५७, मॅक्सवेल १४५ व सेहवाग ९९ अशा त्यांच्या एकूण ६०१ धावा झाल्या. १४ सामन्यांच्या हिशेबाने हे प्रमाण सामन्यामागे ४३ धावांवर, म्हणजे बरोबर निम्म्यावर आले. ट्वेंटी-२० सामन्यात ४० धावांची तूट भरून काढणे कोणत्याही संघाला अवघड जाते. ११ पराभूत सामन्यांपैकी सहांमध्ये पंजाबला १४० धावाही करता आल्या नाहीत, हे याचेच द्योतक आहे.

यांपैकी मॅक्सवेल यांचे अपयश मागील हंगामाच्या उत्तरार्धाशी सुसंगत होते. सेहवाग त्या वेळी ३६ वर्षांचे होते. त्यांना आठ सामन्यांनंतर अंतिम संघात स्थान मिळाले नाही आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून व आयपीएलमधून निवृत्ती जाहीर केली. म्हणजे तिघांपैकी दोघांच्या बाबतीत धोक्याची चिन्हे आधीपासून होती. त्यांना समर्थ पर्याय मात्र संघात उभे केले गेले नव्हते.

यजमान मैदानाचा अभाव. सात यजमान सामन्यांपैकी तीन पुण्यात व चार मोहालीत झाले. त्यांपैकी सहा सामने संघाने गमावले. परक्या मैदानांवरील सातांपैकी दोन सामने त्याने जिंकले. साखळी स्पर्धेत घरच्या खेळपट्टीची ओळख व प्रेक्षकांचा पाठिंबा हे दोन लाभ अपेक्षित असतात. पुणे हे पंजाबच्या खेळाडूंसाठी नावापुरतेच घर होते. तथापि मोहालीतही चारांपैकी तीन सामने गमावलेले असल्याने हे कारण पूरक ठरते, मुख्य नव्हे.

दैवाचा भाग. तीन सामन्यांचा निकाल शेवटच्या षटकात विरोधात गेला : दिल्लीविरुद्ध पुण्यात, कोलकात्याविरुद्ध कोलकात्यात व हैदराबादविरुद्ध हैदराबादमध्ये. नशिबाने साथ दिली असती तर चित्र वेगळे दिसले असते, असा युक्तिवाद यावरून करता येतो. परंतु हे तिन्ही सामने जिंकले असते तरी संघाचे १२ गुण झाले असते. बाद फेरी गाठणाऱ्या चौथ्या संघाकडे १६ गुण होते. शिवाय ९७ व १३८ धावांचे पराभव दैवाच्या खाती टाकता येत नाहीत. दैवामुळे क्रमांक एखाद-दुसऱ्या पायरीने बदलला असता, हंगामाचे स्वरूप नव्हे.

मुंबई इंडियन्सशी तुलना

त्याच हंगामातील मुंबई इंडियन्सची वाटचाल येथे उद्बोधक ठरते. मुंबईने पहिले चारही सामने गमावले होते व त्यांतील एक पंजाबविरुद्धचा होता. २१ एप्रिलच्या रात्री पंजाबची स्थिती मुंबईपेक्षा सरस होती. मात्र दुखापतींमुळे बदल करणे भाग पडल्यावर मुंबईला लेंडल सिमन्स व पार्थिव पटेल ही सलामीची जोडी गवसली. ही जोडी कायम ठेवल्याने संघाची घडी बसली. ३ मे रोजी मोहालीत या दोघांनीच अर्धशतके झळकावून पंजाबला नमवले. २४ मे रोजी अंतिम सामन्यात चेन्नईला ४१ धावांनी हरवून मुंबई विजेता ठरली.

पंजाबने सेहवाग, मुरली विजय, मनन वोहरा आदींना सलामीला पाठवून पाहिले, परंतु स्थिर जोडी सापडली नाही. बदल दोन्ही संघांनी केले. मुंबईला त्यातून उत्तर मिळाले, तर पंजाबचा शोध अखेरपर्यंत चालूच राहिला.

प्रशिक्षकाच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न

२०१४ चे श्रेय बांगर यांना मिळाले व त्यापाठोपाठ राष्ट्रीय संघातील जबाबदारीही आली. त्याच न्यायाने २०१५ च्या अपयशाची जबाबदारी त्यांच्यावर येणे क्रमप्राप्त होते. परंतु बारा महिन्यांत कोणाही प्रशिक्षकाचे ज्ञान पहिल्या क्रमांकावरून आठव्या क्रमांकावर घसरत नाही. तेव्हा दोनपैकी एक मान्य करावे लागते : एक तर २०१४ मधील यशात प्रशिक्षकाचा वाटा वाटला तेवढा मोठा नव्हता, किंवा २०१५ मधील अपयशात तो तेवढा मोठा नव्हता. प्रशंसा पूर्ण व दोषही पूर्ण, असा दुहेरी हिशेब तर्काला धरून नाही.

याचा अर्थ संघ-व्यवस्थापन जबाबदारीतून मुक्त होते, असा नव्हे. मॅक्सवेल धावा करतील की नाही, हे प्रशिक्षकाच्या हाती नव्हते. ते अपयशी ठरल्यास कोण खेळेल, याची तजवीज मात्र व्यवस्थापनाच्या हाती होती. यजमान मैदानाची निवड हा फ्रँचायझीच्या अखत्यारीतील विषय होता. संघ जवळजवळ जसाच्या तसा ठेवण्याचा निर्णयही सामूहिक होता. यशानंतर त्याच्या कारणांची चिकित्सा सहसा होत नाही. अपयशानंतर मात्र ती आवर्जून होते. २०१४ च्या धावसंख्येची फोड त्याच वर्षी केली गेली असती, तर पुढील लिलावाकडे वेगळ्या दृष्टीने पाहता आले असते.

गुणतालिकेतील क्रमांक कितपत बोलका असतो, याविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. २००८ मध्ये केवळ दोन सामने जिंकून तळाला राहिलेला डेक्कन चार्जर्स २००९ मध्ये विजेता ठरला. २००९ मध्ये तळाला राहिलेल्या कोलकात्याने २०१२ व २०१४ मध्ये विजेतेपद मिळवले. १४ सामन्यांची स्पर्धा, प्रत्येक संघात अधिकाधिक चार परदेशी खेळाडू आणि लिलावातून समान केलेली ताकद या रचनेत वर-खाली होणे नित्याचे आहे.

पुढील घडामोडी

२०१६ च्या हंगामापूर्वी बेली यांना मुक्त करण्यात आले व मिलर यांच्याकडे नेतृत्व सोपवण्यात आले. पहिल्या सहा सामन्यांनंतर ते मुरली विजय यांच्याकडे गेले. बांगर प्रशिक्षकपदी कायम होते. १४ पैकी ४ सामने जिंकून संघ पुन्हा आठव्या क्रमांकावर राहिला. त्या हंगामानंतर बांगर यांनी पद सोडले. कर्णधार बदलूनही क्रमांक बदलला नाही, यावरून दोष एका व्यक्तीपेक्षा संघरचनेत अधिक होता, असे अनुमान निघते.

भारतीय संघासोबतचे बांगर यांचे काम २०१९ पर्यंत चालू राहिले. २०२२ व २०२३ मध्ये ते रॉयल चॅलेंजर्स बंगळूरचे मुख्य प्रशिक्षक होते. २०२२ मध्ये त्या संघाने बाद फेरी गाठली. पंजाबला मात्र २०१४ नंतर बाद फेरीत पोहोचण्यासाठी २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या वर्षी साखळीत पहिले आलेल्या पंजाबला ३ जून रोजी अहमदाबाद येथील अंतिम सामन्यात बंगळूरने सहा धावांनी हरवले. अकरा वर्षांच्या या काळात अनेक कर्णधार व प्रशिक्षक आले आणि गेले.

बीडच्या संदर्भातील महत्त्व

बांगर यांच्या पिढीतील खेळाडूला रेल्वेसारख्या संस्थेत नोकरी व खेळ यांचा मेळ घालता येत असे. एखादा हंगाम वाईट गेला, तरी पगार व संघातील स्थान बहुधा सुरक्षित राहत असे. हेडिंग्लेच्या २३६ चेंडूंच्या खेळीमागे अशाच संथ, दीर्घ जडणघडणीची वर्षे होती. फ्रँचायझी क्रिकेटमध्ये मोबदला कितीतरी मोठा असतो. पण करार हंगामापुरता असतो व सहा-सात आठवड्यांत माणसाचे मोल ठरते.

बीडची पुढची पिढी या दुसऱ्या व्यवस्थेत पाऊल ठेवत आहे. बीडचाच सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात खेळला. ६ फेब्रुवारी रोजी बेनोनी येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारताची अवस्था ४ बाद ३२ झाली होती. तेव्हा त्याने ९६ धावा केल्या व कर्णधार उदय सहारन याच्यासह १७१ धावांची भागीदारी करून विजयाचा मार्ग खुला केला. अशा खेळाडूंच्या वाट्याला पुढे २०१४ सारखी वर्षे येतील, तशी २०१५ सारखीही येतील. केवळ क्रमांक पाहून त्यांना डोक्यावर घेणे वा झिडकारणे टाळायचे असेल, तर जिंकलेल्या हंगामाचीही हरलेल्या हंगामाइतकीच कठोर तपासणी झाली पाहिजे, हे पंजाबच्या या दोन वर्षांवरून दिसते.